तिसरा प्रवासी : एका व्हिपलॅश दाव्याची छाननी

नोव्हेंबर २०२२, शुक्रवारची संध्याकाळ. उत्तर इंग्लंडमधल्या एका शहराबाहेरचा राउंडअबाउट. एक हॅचबॅक तोंडाशी येऊन थांबते, उजवीकडून येणारी गाडी पुढे गेली असे वाटून चार-पाच फूट सरकते आणि पुन्हा थांबते. मागच्या डिलिव्हरी व्हॅनच्या चालकाची नजर त्या क्षणी उजवीकडेच असते. पुढची गाडी निघाली असे गृहीत धरून तो ब्रेक सोडतो आणि व्हॅन हॅचबॅकच्या मागच्या बंपरवर आदळते. बंपरला तडा जातो, नंबरप्लेट वाकते, नाव-पत्ते घेऊन दोघे आपापल्या वाटेला लागतात. सात आठवडे उलटेपर्यंत व्हॅनच्या विमा कंपनीकडे झटक्याने मान दुखावल्याचे, म्हणजे व्हिपलॅशचे, तीन दावे आले होते. व्हॅनचालक सांगत होता की गाडीत माणसे दोनच होती.

हे प्रकरण कुठल्या एका फाइलची नक्कल नाही. अशा दाव्यांत पुन्हापुन्हा दिसणारे धागे एकत्र विणून ते मांडले आहे. कायदा, मुदती आणि भरपाईचे दर मात्र इंग्लंड आणि वेल्समध्ये त्या वेळी लागू होते तेच आहेत.

राउंडअबाउटच्या तोंडावरची मागून बसलेली धडक ही तिकडची सर्वांत साधी, रोज घडणारी चूक. पैशासाठी अपघात घडवून आणणाऱ्या टोळ्यांचीही हीच आवडती जागा, कारण मागच्याने ठोकले की दोष मागच्याचाच धरला जातो. त्यामुळे नुसत्या जागेवरून काहीच ठरत नाही. या प्रकरणात धडक खरी होती, चूक व्हॅनचालकाची होती आणि तीनपैकी दोन माना खरोखर दुखल्या होत्या. संशयास्पद दावा म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर संपूर्ण बनावट अपघात येतो. प्रत्यक्षात क्लेम हँडलरच्या, म्हणजे विमा कंपनीत दावे तपासणाऱ्याच्या, टेबलावर बहुतेक वेळा असा खऱ्या-खोट्याचा मिसळलेला माल येतो, आणि तोच निवडायला कठीण.

पैसा कुठे आहे

व्हिपलॅश एक्स-रेमध्ये दिसत नाही, एमआरआयमध्येही सहसा दिसत नाही. मागून धडक बसली की धड सीटबरोबर पुढे ढकलले जाते, डोके क्षणभर जागीच राहते आणि साधारण पहिल्या १०० मिलिसेकंदांत मानेचा कणा इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो. खालचे मणके मागे ताणले जातात, वरचे पुढे वाकतात. स्नायू आणि अस्थिबंध दुखावतात ते तिथे. दुखणे पुष्कळदा लगेच नाही, तर रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होते. म्हणजे खऱ्या रुग्णाकडेही पुरावा म्हणून मुख्यतः स्वतःचा शब्दच असतो. खोटे बोलणाऱ्यालाही तेवढाच पुरतो.

३१ मे २०२१ पासून झालेल्या अपघातांना सिव्हिल लायबिलिटी ॲक्ट २०१८ खालचा ठरावीक दर लागू झाला. मान, पाठ आणि खांदा यांच्या स्नायू-अस्थिबंधांची दोन वर्षांपर्यंतची दुखापत या दरात येते. तीन महिन्यांच्या आतल्या त्रासाला २४० पाउंड, तीन ते सहा महिन्यांना ४९५, सहा ते नऊला ८४०, नऊ ते बाराला १,३२० आणि शेवटी अठरा ते चोवीस महिन्यांना ४,२१५. सोबत किरकोळ मानसिक त्रास असेल तर थोडे जास्त, उदाहरणार्थ १,३२० च्या जागी १,३९०. (३१ मे २०२५ पासूनच्या अपघातांसाठी हे दर सुमारे १५ टक्क्यांनी वाढले.) जुन्या पद्धतीत छोट्या दुखण्यालाही याच्या कितीतरी पट रक्कम मिळत असे. ३१ मे २०२१ पासूनच अशा दाव्यांसाठी कोर्टाच्या ‘छोटे दावे’ या साध्या पद्धतीची मर्यादा १,००० वरून ५,००० पाउंडांवर गेली. त्यामुळे जिंकणाऱ्याला वकिलाची फी समोरच्याकडून वसूल करता येत नाही.

रक्कम घटली तरी मोह संपला नाही, तो दुसरीकडे वळला. पहिली वाट महिने वाढवण्याची, कारण दर कालावधीवर चढतो. दुसरी वाट दराबाहेरची दुखापत जोडण्याची : गुडघा, मनगट, कानात गुणगुण. त्यांची भरपाई जुन्या पद्धतीनेच ठरते. तिसरी वाट माणसे वाढवण्याची. एका धडकेमागे एक जास्तीचा प्रवासी म्हणजे एक जास्तीचा दावा, आणि त्यासाठी वेगळा अपघातही लागत नाही.

तीन दावे

पहिला दावा तीन आठवड्यांनी आला. हॅचबॅकच्या चालकाशेजारी बसलेल्या बहिणीने तो ऑफिशियल इंज्युरी क्लेम या सरकारच्या वतीने चालणाऱ्या पोर्टलवर कुणाच्याही मदतीशिवाय स्वतः भरला होता. पोर्टल मुळात अशा लोकांसाठीच काढले, तरी बहुसंख्य दावेदार आजही वकिलामार्फतच येतात. तिची तक्रार : मान सुमारे दोन महिने दुखली आणि उजव्या गुडघ्याला मार लागला. अपघाताच्या वर्णनात तिने सहज लिहून ठेवले होते, ‘मी आणि माझा भाऊ दुकानातून घरी चाललो होतो.’

दुसरा आणि तिसरा दावा सातव्या आठवड्यात, एकाच वकिली फर्मकडून, एकाच दिवशी आले. भाऊ म्हणजे चालक, आणि त्याचा सहकारी, जो म्हणे चालकाच्या मागच्या सीटवर बसला होता. दोघांचे अपघाताचे वर्णन शब्दशः सारखे. यावर हँडलर लगेच खूश होतात, पण सारखे शब्द बहुतेक वेळा टायपिस्टचे असतात, दावेदारांचे नव्हे. खरा धागा बहिणीच्या त्या एका वाक्यात होता.

पोर्टलवर विमा कंपनीला जबाबदारीबद्दल उत्तर द्यायला कामकाजाचे ३० दिवस मिळतात. इथेच सर्वांत महाग चूक होते. व्हॅनचालकाने चूक मान्य केली आहे, मागून धडक आहे, म्हणून तिन्ही फाइलींवर ‘जबाबदारी मान्य’ अशी एकदमच खूण केली जाते. एकदा दिलेली मान्यता मागे घेणे फार कठीण. या प्रकरणात तिसरी फाइल वेळेत वेगळी काढली गेली ती पहिल्या फोनच्या नोंदीमुळे. व्हॅनचालकाने दुसऱ्याच दिवशी अपघात कळवला होता आणि फोन घेणाऱ्याने त्याला सरळ विचारले होते : समोरच्या गाडीत किती जण होते, कुठे बसले होते, कोण खाली उतरले? उत्तर नोंदवले होते, ‘एक पुरुष चालवत होता, शेजारी एक बाई. मागे कोणी दिसले नाही.’ तेव्हा दावा नव्हता, म्हणून संशयही नव्हता. म्हणूनच त्या नोंदीला वजन. हाच प्रश्न सात आठवड्यांनी विचारला असता तर कोर्टात पहिलाच टोला ‘तुम्ही हे दाव्याचे पत्र वाचून सांगत आहात’ असा बसला असता.

वेग काय सांगतो आणि काय नाही

व्हॅनमध्ये फ्लीट ट्रॅकर, म्हणजे गाडीची जागा आणि वेग नोंदवणारे यंत्र, होता. दर सेकंदाला एक नोंद : ताशी ६ मैल, आणि पुढच्या नोंदीत शून्य. व्हॅन मालासकट सुमारे २,००० किलो, हॅचबॅक १,२००. पुढच्या गाडीचा वेग एका झटक्यात किती बदलला हे काढायचे सूत्र सोपे आहे : मागच्या गाडीचे वजन भागिले दोन्हींचे एकूण वजन, गुणिले धडकेचा वेग, गुणिले एक अधिक उसळीचा गुणांक (धडकेनंतर गाड्या एकमेकींपासून किती उसळतात त्याचे माप). कमी वेगाला हा गुणांक ०.२ ते ०.४ धरला तर उत्तर ताशी ४.५ ते ५.३ मैल येते.

ही बरोबर कुंपणावरची जागा आहे. ताशी ३ ते ५ मैलांपेक्षा कमी बदलात इजा होणे अवघड, असे विमा कंपन्यांचे तज्ज्ञ मांडतात. समोरचे तज्ज्ञ वय, बसण्याची ढब, वळलेली मान आणि खाली ठेवलेला हेडरेस्ट यांचा हवाला देऊन ते खोडतात. बंपर फारसा चेपला नाही हेही दुधारी. न चेपणारा बंपर ऊर्जा शोषत नाही, धक्का आत पोचवतो. एअरबॅगच्या मॉड्यूलमधली नोंद मिळवावी असे वाटते खरे, पण नोंद चालू होण्याचा उंबरठा साधारणपणे ०.१५ सेकंदात ताशी ८ किलोमीटरच्या बदलाचा असतो, म्हणजे ताशी ५ मैल. अशा हलक्या धडकेत तिथे काहीही साठलेले नसण्याची शक्यता मोठी.

‘एवढ्या हलक्या धडकेत कुणालाच इजा शक्य नाही’ असा बचाव घ्यायचा तर केसी विरुद्ध कार्टराइट या २००६ च्या अपील कोर्टाच्या निकालाप्रमाणे दाव्याचे पत्र मिळाल्यापासून तीन महिन्यांत तसे कळवावे लागते आणि तज्ज्ञाच्या पुराव्यासाठी कोर्टाची परवानगी लागते. कंपनीने हा बचाव सोडून दिला, आणि ते शहाणपणाचे होते. ४.५ ते ५.३ हा आकडा घेऊन तो लढवला असता तर बहिणीचा खरा दावाही त्याच गाठोड्यात बांधला गेला असता आणि न्यायाधीशाचे लक्ष प्रवाशांच्या संख्येवरून भौतिकशास्त्रावर गेले असते. अशा प्रकरणांत इंजिनिअरचा अहवाल लवकर मागवण्याची घाई नेहमी दिसते. त्याआधी माणसे मोजावीत.

फोटो

व्हॅनचालकाने जागेवर चार फोटो काढले होते आणि ते व्हॉट्सॲपवर आपल्या मॅनेजरला पाठवले होते. कंपनीच्या फाइलमध्ये लागल्या त्या मॅनेजरकडून आलेल्या प्रती. त्यात हॅचबॅकच्या मागच्या काचेत काळोख आणि रस्त्यावरच्या दिव्याचे प्रतिबिंब, एवढेच. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत आकुंचन पावते आणि वेळ, जागा, कॅमेरा यांची आतली माहिती निघून जाते. मूळ फाइल फोनमधून थेट, किंवा दस्तऐवज म्हणून पाठवून घ्यावी लागते. ती मिळायला दोन महिने गेले. फोन मधल्या काळात बदलला असता तर प्रकरण तिथेच संपले असते.

मूळ फाइलींवर वेळ होती १७:४६ ते १७:४९. ट्रॅकरप्रमाणे धडक १७:४२ ची. तिसऱ्या फोटोत उजेड वाढवल्यावर काचेच्या आतले दिसले. मागची बाकडी सीट ६०:४० अशी विभागलेली. चालकाच्या मागचा मोठा भाग पुढे दुमडलेला, त्यावर डिकीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत पोचलेले फर्निचरचे चपटे खोके. उरलेल्या लहान भागावर मुलाची सीट, पट्ट्याने बांधलेली.

नुसते ‘मागे कोणी दिसत नाही’ यावर भाऊ आणि सहकारी दोघांचे उत्तर तयार होते : सहकारी उतरून फुटपाथवर उभा होता. हे उत्तर वाईट नव्हते. खरा प्रवासीही असाच उतरतो. खोक्याला मात्र उत्तर नव्हते. माणूस उतरतो, सीट आपोआप दुमडत नाही.

फोटो दाखवण्याआधी दोघांकडून लेखी उत्तरे घेतली गेली, आणि हा क्रम महत्त्वाचा. कुठून बसलात, कुठल्या दाराने उतरलात, मागे सामान काय होते, पट्टा लावला होता का, घरी कसे गेलात, असे साधे प्रश्न, दोघांना वेगवेगळे. सहकाऱ्याने लिहिले की तो चालकाच्या मागे पट्टा लावून बसला होता आणि मागे ‘काही पिशव्या’ होत्या. भावाने लिहिले की खोके डिकीत होते. दोघांनीही सत्यप्रतिज्ञेखाली सही केली. आधी फोटो पाठवला असता तर उत्तरे फोटोभोवती शिवून आली असती.

वैद्यकीय कागद

तिघांचे अहवाल मेडको या व्यवस्थेतून आले. वकील आणि अहवाल देणाऱ्या संस्था यांचे साटेलोटे तोडण्यासाठी २०१५ पासून तिथे निवड यादृच्छिक पद्धतीने होते. पहिल्या अहवालाची फी तेव्हा ठरलेली होती, १८० पाउंड अधिक कर. त्या पैशात डॉक्टर इतिहास ऐकतो, मान फिरवून पाहतो आणि अंदाज लिहितो. तो खोटे पकडणारा अधिकारी नाही. ‘अपघाताशी सुसंगत’ या शब्दांचा अर्थ ‘दावेदार सांगतो तसे घडले असेल तर असे दुखू शकते’ इतकाच.

म्हणून अहवालात निष्कर्षापेक्षा इतिहासाचा परिच्छेद वाचावा. सहकाऱ्याच्या अहवालात दुखणे ‘तत्काळ’, मुदत नऊ ते बारा महिने, प्रवासाची भीतीही, म्हणजे १,३९० पाउंडांचा दर. शिवाय आठ फिजिओ सत्रांचे बिल. त्याच्या फॅमिली डॉक्टरच्या नोंदीत अपघातानंतर तीन आठवड्यांनी एक भेट होती : घसा आणि ताप. मानेचा शब्द नाही. डॉक्टरकडे अजिबात न जाणे हे खोटेपणाचे लक्षण नव्हे. पॅरासिटामॉल घेऊन दिवस काढणारे पुष्कळ. पण डॉक्टरसमोर बसूनही ‘असह्य’ मान न सांगणे हा वेगळा मामला.

क्लेम्स अंडररायटिंग एक्स्चेंज या विमा कंपन्यांच्या सामाईक नोंदवहीत सहकाऱ्याचे आधीचे दोन दुखापतीचे दावे निघाले, आणि वैद्यकीय तज्ज्ञाला त्याने ‘आधी कधीच नाही’ असे सांगितले होते. दोन जुने दावे म्हणजे गुन्हा नाही, दोनदा दुर्दैव आडवे येऊ शकते. ते लपवणे मात्र मोजले जाते.

उलट सर्वांत संशयास्पद दिसणारा तपशील खरा निघाला. मागून धडक बसल्यावर शरीर आधी सीटमध्ये रुतते, त्यामुळे पुढच्या प्रवाशाचा गुडघा डॅशबोर्डला लागला हे ऐकताच अनुभवी हँडलरच्या भुवया उंचावतात. शिवाय गुडघा दराबाहेरचा. बहिणीचे स्पष्टीकरण असे की पायाशी पडलेला फोन उचलायला ती वाकली होती. पाचव्या दिवशीच्या डॉक्टरच्या नोंदीत उजव्या गुडघ्याखाली ओसरत आलेला काळानिळा डाग लिहिलेला होता, आणि तेव्हा तिने दावा केलेलाच नव्हता.

कोर्टात

सहकारी गाडीत नव्हताच, असे कंपनीने कळवल्यावर त्याचा आणि भावाचा असे दोन्ही दावे पोर्टलबाहेर पडून काउंटी कोर्टात गेले आणि फास्ट ट्रॅकवर, म्हणजे ‘छोटे दावे’च्या वरच्या पायरीवर, चालले. ‘फसवणूक’ हा शब्द उत्तरपत्रात घालावाच लागतो असे नाही. कीअर्सली विरुद्ध क्लारफेल्ड (२००५) आणि हाउलेट विरुद्ध डेव्हिस (२०१७) या निकालांप्रमाणे ज्या गोष्टींवर शंका आहे त्या आधी स्पष्ट मांडल्या आणि दावेदाराला उत्तराची संधी मिळाली, की पुरे. कंपनीने तेच केले : खोके, दुमडलेली सीट, पहिल्या फोनची नोंद, बहिणीचे वाक्य. विशेषणे टाळली.

सहकाऱ्याचा दावा फेटाळला गेला, हे अपेक्षितच. खरा धक्का भावाला बसला. त्याची मान खरोखर पाच महिने दुखली, असे न्यायाधीशाने मान्य केले. तरीही त्याला काहीच मिळाले नाही. क्रिमिनल जस्टिस अँड कोर्ट्स ॲक्ट २०१५ च्या कलम ५७ प्रमाणे दावेदार मूलभूत अप्रामाणिक ठरला की त्याचा खरा भागही फेटाळायचा, दावेदारावर मोठा अन्याय होत असेल तरच अपवाद. आणि हे कलम फक्त स्वतःच्या दाव्यातल्या खोटेपणापुरते नाही. त्याच घटनेतून निघालेल्या दुसऱ्याच्या दाव्याबाबत खोटे बोललात तरी स्वतःचा जातो. मित्राला ‘होता गाडीत’ म्हणण्याची ही किंमत दावेदारांना क्वचितच कुणी आधी सांगते.

कोर्टाला त्याची खरी भरपाई मोजून नोंदवावी लागते : मानेचे ४९५ आणि गाडीच्या विम्यात स्वतः भरलेले ३५०, एकूण ८४५ पाउंड. समजा त्याच्यावर ६,००० पाउंडांचा खर्च बसला, तर त्यातून हे ८४५ वजा होऊन ५,१५५ भरायचे. एरवी दुखापतीच्या दाव्यात हरलेल्याला खर्चापासून जे संरक्षण मिळते, ते मूलभूत अप्रामाणिकपणाच्या निष्कर्षानंतर दोघांनाही उरले नाही.

बहिणीचा दावा पोर्टलवरच मिटला. मानेचे २४०, गुडघ्याचे ९००. हसम विरुद्ध राबोट या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये घालून दिलेली रीत अशी की दोन्ही रकमा आधी मिळवायच्या, मग एकाच त्रासाची दोनदा मोजणी झाली असेल तेवढी कापायची, पण दराबाहेरच्या दुखापतीच्या एकट्या रकमेखाली जायचे नाही. शंभर कापून १,०४० ठरले.

विमा कंपन्यांचा हात

या धंद्याची वाढ फक्त खोटारड्या दावेदारांनी केली असे विमा कंपन्या सांगतात, ते अर्धेच खरे. अपघात कळवणाऱ्या ग्राहकांची माहिती वकिलांना आणि क्लेम कंपन्यांना पैसे घेऊन देण्यात त्याही सामील होत्या. २०११ मध्ये खासदार जॅक स्ट्रॉ यांनी हे चव्हाट्यावर आणले आणि एप्रिल २०१३ पासून दुखापतीच्या दाव्यांतल्या अशा रेफरल फीवर बंदी आली. त्याहून घातक सवय होती वैद्यकीय अहवालाशिवाय पैसे देऊन फाइल बंद करण्याची. चौकशीपेक्षा तडजोड स्वस्त पडते, हे गणित कंपन्यांनीच बाजाराला शिकवले. २०२१ च्या बदलांबरोबर अहवालाविना व्हिपलॅशची तडजोड करायलाही बंदी आली. १,३९० पाउंडांच्या दाव्यावर काही हजार खर्चून लढायचे का, हा प्रश्न मात्र प्रत्येक फाइलवर नव्याने पडतोच, आणि पुष्कळदा उत्तर अजूनही ‘देऊन टाका’ असेच असते.

इथे लढले गेले ते मूळ फोटो हाती होता म्हणून. निकालानंतर सहकाऱ्याची माहिती विम्यातली फसवणूक शोधणाऱ्या इन्शुरन्स फ्रॉड ब्यूरोकडे गेली. कोर्टाच्या अवमानाची कारवाई शक्य होती, तीत तुरुंगवासही होऊ शकतो, पण तिला कोर्टाची वेगळी परवानगी आणि वेगळा खर्च लागतो. कंपनीने ती केली नाही. खर्चाची वसुली दोघांकडून हप्त्याने सुरू झाली.